दैवी रक्त म्हणे! मग दुसऱ्याचं कशाला लागतंय?

हुरडा_पार्टी:
‘गढीवरचा’ची कालची पोस्ट वाचली आणि झोपच उडाली, म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, कंटाळा आला तर पुढं जावा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: साहेबांचं म्हणणं असं की रक्त पिणारा काउंट ड्रॅक्युला राक्षस वगैरे काही नाही, ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत खरा धार्मिक तोच एकटा, कारण तो रक्ताला पवित्र मानतो, आपल्या वंशाला देवांनी काय दिलं ते विसरत नाही, बाकीचे सगळे डायऱ्या लिहिणारे कारकून. आणि शेवटी आलंच, ‘आपणही आपलं रक्त विसरत चाललोय’. हे एक वाक्य टाकायलाच वरची सगळी पोस्ट लिहिली होती, एवढं कळतं आम्हाला.

बाबा रे, पुस्तक १८९७ चं आहे, तिसरं प्रकरण काढ. काउंट रात्रभर बसून त्या वकील पोराला खानदान ऐकवतोय. थोर आणि वोडिन या देवांनी आमच्या लोकांना लढायची धमक दिली, आमच्या नसांत हूणांच्या राजाचं, अटिलाचं रक्त, हॅब्सबर्ग आणि रोमानोव्ह ही राजघराणी आमच्यापुढं म्हणजे काल उगवलेल्या अळंब्या. सगळं ‘आम्ही, आम्ही’. लग्नाच्या बैठकीत एक काका असतो बघा, पोराचा पगार विचारला की पणजोबाची सरदारकी सांगतो, तसं. यात धर्म कुठंय? देवानं काय दिलं एवढंच आहे, देव काय मागतो त्यावर एक ओळ नाही.

आणि ‘रक्त म्हणजेच जीवन’ हे तू काउंटच्या नावावर खपवलंस. ते बोलतो रेनफिल्ड, वेड्यांच्या इस्पितळात माश्या आणि कोळी खाणारा त्याचा भगत, डॉक्टरचं फरशीवर सांडलेलं रक्त चाटून झाल्यावर. मूळ आहे जुन्या करारातलं आणि तिथं अख्खं वाक्य असं की रक्त खाऊ नका, कारण रक्त म्हणजे जीवन. पुढचं मागचं तोडून अर्ध्या वाक्यावर पंथ काढलाय. आपल्याकडं पण काढतात म्हणा.

मेन मुद्दा. तुझं रक्त एवढं दैवी तर रोज रात्री दुसऱ्याच्या पोरीचं कशाला लागतं? शेकडो वर्षं मिळंल त्याचं प्यायलेला माणूस, त्याच्यात अटिलाचा थेंब तरी राहिला असंल का? युरोपातली सगळ्यात मोठी मिसळ तोच, आणि तोच शुद्ध रक्ताची व्याख्यानं देतोय.

गढीवरचा:
वाचलंस पण डोक्यात शिरलं नाही. पवित्र म्हणजे हात लावायचा नाही हे सोवळ्याचं लॉजिक झालं. प्रसाद पवित्र असतो म्हणूनच खातात ना? कॅथलिक लोक मानतात की वाइनचं खरोखर ख्रिस्ताचं रक्त होतं, आणि ते पितात. काउंट तेच उलटं फिरवून करतो. त्या वकिलाच्या बायकोला, मीनाला, तो स्वतःच्या छातीवर जखम करून रक्त पाजतो तो प्रसंग आठव, तिथली भाषा सरळ बायबलातल्या आदम आणि हव्वेची आहे, माझ्या मांसाचं मांस वगैरे. म्हणजे तो नुसता घेत नाही, देतो पण, नातं जोडतो.

आणि दैवी वंश म्हटलं की तुला लग्नातला काका आठवतो. ज्युलियस सीझरनं आत्याच्या अंत्ययात्रेत भाषण ठोकलं की आमचं घराणं व्हीनस देवीपासून. जपानच्या सम्राटाला युद्ध हरल्यावर १ जानेवारी १९४६ ला सांगावं लागलं की मी काही जिवंत देव नाही, पण सूर्यदेवीचा वंश तेव्हाही नाकारला नाही त्यानं. आपल्याकडं सूर्यवंश, चंद्रवंश. सगळे खुळे, तू एकटा शहाणा. रक्तबीज विसरलास का? थेंब पडला की नवा राक्षस, म्हणून चामुंडेनं रक्त पिऊन टाकलं. रक्त पिणं म्हणजे पापच, असं आपल्या परंपरेत सरसकट नाही.

हुरडा_पार्टी:
चामुंडेनं राक्षस संपवायला प्यायलं. तुझा काउंट पितो आणि नवे तयार करतो. या गोष्टीत तो रक्तबीज आहे रे, चामुंडा नाही!

टॉवेलवाला:
रक्त कोण पितंय ते आमच्या आज्ज्याला विचारायला पायजे होतं. आमच्यात सांगतात आम्ही मार्कंडेय ऋषींच्या वंशातले, त्यांचे पुत्र भावनाऋषी कमळाच्या तंतूपासून देवांसाठी वस्त्र विणायचे. नारळी पौर्णिमेला रथ निघतो, सोलापूरचं समदं पूर्व भाग रस्त्यावर, मी पण असतो. पण ते ऐकून आज्जानं कुणाला पाया पडायला लावलं नाही, मागावर बसला. पुढं कारखान्यात गेला, साच्यावर उभं राहून राहून पायाच्या शिरा निळ्या दोरीसारख्या वर आलेल्या, रात्री आज्जी तेल लावायची आणि म्हणायची मालकानं रक्त पिलं. हप्त्याला पगार व्हायचा तो पण कापून. देवाचा वंश म्हणजे देवासाठी काम, येवढंच आम्हाला ठावं. तुमच्या काउंटनं येक टॉवेल तरी विणलाय का?

गढीवरचा:
आता यात मालक-कामगार कशाला आणला?

टॉवेलवाला:
रक्ताचा विषय तूच काढलास की बे.

नाईट_ड्युटी:
रक्तपेढीत काम करते म्हणून बोलते, नाहीतर पुस्तक मी अर्धंच वाचलंय. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे तुमच्या अंगातलं ‘पूर्वजांचं रक्त’ जास्तीत जास्त चार महिन्यांचं, ज्वारीच्या भाकरीवर तयार झालेलं. आम्ही एका वेळी ३५० मिली घेतो, पिशवी फ्रिजमध्ये ३५ दिवस, त्यानंतर अटिलाची असली तरी फेकायची.

आणि त्या पुस्तकात मीनाच्या मैत्रिणीला, ल्यूसीला, चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त चढवतात, ग्रुप न बघता! रक्तगट लँडस्टायनरनं दाखवले ते १९०१ ला, त्यामुळं लेखकाला दोष नाही, पण मी वाचताना किंचाळले, ही बाई काउंटमुळं मेली का डॉक्टरमुळं? तिचा होणारा नवरा म्हणतो की माझं रक्त तिच्यात गेलं म्हणजे आमचं लग्नच झालं, आणि बाकी तिघांनी पण दिलंय हे त्याला कुणी सांगत नाही. हा जोक मला सगळ्यात आवडला.

आता खरी गोष्ट. मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला खिडकीवर एक गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि बर्फाचा डबा. पिशवी दिली तर आवाज बारीक करून विचारतात, ‘मॅडम, ही आपल्यातल्याचीच आहे ना?’ मी म्हटलं काका, यावर नंबर आहे, ग्रुप आहे, तारीख आहे, आडनाव नसतं. थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘अंदाजे सांगा की.’ त्यांची बायको वर टेबलावर होती ओ! बॉम्बे ग्रुप माहितीये का, १९५२ ला मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला? त्या माणसाला ओ ग्रुपचं पण चालत नाही, फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच लागतं. असा पेशंट आला की आम्ही राज्यभर फोन लावत बसतो. तेव्हा कुणी अंदाजे विचारत नाही, मिळालं की पळत सुटतात.

बार्शीलाईट:
वंशावरून आठवलं, तुमच्याकडं वंशावळी सांगणारा हेळवी येतो का? आमच्याकडं यायचा, आधी बैल घेऊन, आता मोटरसायकलवर. वही काढून १४ पिढ्या घडाघडा वाचायचा. आजोबांनी एका वर्षी ज्वारीचं पोतं दिलं तर १४ च्या १५ झाल्या आणि पंधरावा निघाला किल्लेदार. मी लहान होतो तरी हसलो, मार खाल्ला. काउंटच्या घरी पण असाच कोणतरी येत असणार.

सीमेवरचा:
तोंड सांभाळून. हेळवी म्हंजे काय नंदीबैलवाला नव्हं. आमची जमीन त्याच्या वहीनं वाचली. चुलत्यांनी दावा लावलेला की आमचा पणजा घरातलाच नाही म्हणून, कचेरीत आठ म्हयने चकरा मारल्या, कागद सापडंना, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी हेळवी आला, वहीत पणजा, त्याचे भाऊ, कोण दत्तक, कोण कुठल्या गावाला गेलं, समदं. ते बघून चुलत्यांनी बाहेरच मिटवलं. तुम्ही शहरातले लोक, जोक करा.

बार्शीलाईट:
जोक नाही, हिशोब करतो. चौदा पिढ्या मागं गेलं तर त्या एका पिढीत पूर्वजांच्या जागा होतात १६,३८४. वहीत नाव एकाचं. बाकी १६,३८३ कोण होते? त्यातला एखादा भिकारी, एखादा दरोडेखोर, एखादा तुमच्या शत्रूच्या घरातला असणारच की. काउंट तेच करतो, एवढ्या गर्दीतला अटिला तेवढा उचलतो.

सीमेवरचा:
तुझ्यातला दरोडेखोर कोण ते दिसलालंय.

बार्शीलाईट:
पंधरावा पाहिजे का किल्लेदार? एक पोतं फक्त.

हुरडा_पार्टी:
भांडायचं असंल तर सात रस्ता चौकात या, इथं नको. मला एवढंच म्हणायचंय की रक्त मोठं होतं ते सांडून. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे चौघं फासावर गेले, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. चार आडनावं चार दिशांची. त्यांचं रक्त...

गढीवरचा:
झालं! आता हुतात्म्यांना मध्ये आण म्हणजे कुणाला उत्तरच देता येणार नाही. पुतळ्याच्या मागं लपून वाद घालायचा नाही. मी व्हॅम्पायरवर लिहिलं होतं.

हुरडा_पार्टी:
तू व्हॅम्पायरच्या मागं लपून लिहिलं होतंस. पण बरं, हुतात्मे काढले मी, नको होतं तिथं. परत घेतो. मीनाचा प्रसंग पण मान्य, तिथं कायतरी संस्कार चाललाय हे मी धरलं नव्हतं. पण तिला विचारून नाही ना पाजलं? मान धरून, तोंड दाबून. असला कसला प्रसाद, जो नको म्हणता येत नाही?

गढीवरचा:
…त्यावर नंतर लिहितो.

टॉवेलवाला:
नंतर म्हंजे पुढच्या नारळी पौर्णिमेला.

दोन_मुलींची_आई:
सगळे एवढं वंश वंश करताय म्हणून विचारते. माझं नाव कुठल्या वहीत आहे? माहेरच्या हेळव्यानं माझ्या भावाचं लिहिलं, मी शेजारी शेवया वळत बसले होते, माझ्याकडं बघून पाणी मागितलं. सासरच्या वहीत ह्यांच्या नावापुढं रेघ ओढून ठेवलीय, कारण मला दोन मुली. रेघ मी डोळ्यांनी बघितलीय, निळ्या शाईची. तुमच्या त्या काउंटच्या वाड्यातल्या तीन बायका, त्यांना तरी नाव आहे का पुस्तकात? मी दोनदा शोधलं. दोघींची नाकं काउंटसारखी आहेत असं लिहिलंय, म्हणजे घरातल्याच असतील कदाचित, पण नाव नाही. एवढं रात्रभर खानदान सांगितलं त्यानं, त्यात एक आई सांगितली का?

गढीवरचा:
चेटकिणींचा उल्लेख आहे. सिथिया या जुन्या प्रदेशातल्या.

दोन_मुलींची_आई:
वा. खूप मोठेपणा.

गढीवरचा:
ठीक आहे ताई, तेवढं खरंय. आणि नाईट ड्युटीवाल्या मॅडमचं १२० दिवसांचं पण खरं असणार, म्हणजे माझ्या अंगात सध्या अटिला नाही, गड्ड्याच्या जत्रेत खाल्लेली भजी आहेत. समाधान? तरी माझी पोस्ट मी काढणार नाही.

सीमेवरचा:
ताई, तुमचं बोलणं लागलं मला. आमचा हेळवी पुढच्या आठवड्यात येणार हाय, पोरींची नावं लिहिता का म्हणून आत्ताच फोन करून विचारलं त्याला.

दोन_मुलींची_आई:
काय म्हणाला?

सीमेवरचा:
लिहितो म्हणला. पण वहीत पोरींसाठी जागाच सोडलेली नसती, नवं पान लावावं लागंल. पानाला साडी-चोळी वेगळी.

दोन_मुलींची_आई:
साडी? ती नेसणार कोण, तो?