प्रतिसाद: गोष्ट आपल्याकडची हवी

कामाच्या ठिकाणच्या स्त्री-पुरुष भेदभावावर भाषण ठेवण्यापेक्षा, स्वतः गोष्टीतलं पात्र होऊन पर्याय निवडत पुढे न्यायची गोष्ट खरंच उपयोगी पडते का, असं एकानं विचारलंय. पडते. आम्ही कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात घेतली होती.

शिफ्ट सुपरवायझरची जागा भरायचीय. काम सगळ्यात चोख असलेल्या मुलीचं नाव निघतं आणि साहेब म्हणतात, "तिचं लग्न ठरलंय, नाइटला कशी येणार?" इथं गोष्ट थांबते. तुम्ही काय म्हणाल? बहुतेकांनी 'आधी तिलाच विचारू' निवडलं. पुढच्या प्रसंगात कळतं की दुसऱ्या उमेदवाराचंही लग्न ठरलंय, त्याला मात्र कुणी काहीच विचारलेलं नाही. एक जुने फोरमन म्हणाले, "मलाबी कधी कुणी इचारलं न्हवतं." तिथून खरी चर्चा सुरू झाली.

म्हणून चुकीचा पर्याय उघड दुष्ट नको, रोजच्या सभ्य बोलण्यातला हवा. आणि पुरुषांना फक्त बाईची भूमिका देऊन भागत नाही. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या सहकाऱ्याची भूमिका जास्त बोचते, ती जरूर ठेवा.

कायदा शेवटी सांगा. समान वेतन कायदा १९७६ चा होता. १९८७ च्या दुरुस्तीनं बढती, प्रशिक्षण आणि बदलीतला भेदभावही त्यात आणला. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आलीय. गोष्ट खेळून झाल्यावर हे लोक कान देऊन ऐकतात.

कुणी काय निवडलं ते एचआरकडे अजिबात जाऊ देऊ नका. नाहीतर सगळे साहेबांना आवडेल तेच निवडतील.