नवीन गाडीला पीपीएफ (पेंट वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म), फुल बॉडी की फक्त पुढे? मदत हवी आहे

पुढच्या आठवड्यात गाडी मिळतेय, रंग काळा (घरच्यांचा हट्ट). रोजचा रस्ता पुणे-चाकण, म्हणजे पुढे कायम डंपर आणि उडणारी खडी, पार्किंग उघड्यावर. शोरूमवाला सिरॅमिक कोटिंगच (पेंटवर लावतात तो चकाकीचा पातळ थर) करा म्हणतोय पण त्याने दगडाचे टवके थांबत नाहीत एवढं कळतं. बाहेर चौकशी केली तर टीपीयूचं (लवचिक, टिकाऊ प्लास्टिकच्या फिल्मचं) फुल बॉडी ८०-९० हजार, एक जण निम्म्यात देत होता पण ते पीव्हीसी (स्वस्तातलं प्लास्टिक) निघालं, उन्हात पिवळं पडणार म्हणून बाद. बजेट ३५ हजार, गाडी सात-आठ वर्षं ठेवणार, त्यामुळे फक्त बोनेट, पुढचा बंपर आणि आरसे करावेत असं वाटतंय. असं अर्धंच केलेल्यांनी सांगा, दोन-तीन वर्षांनी फिल्मच्या कडेला धुळीची रेघ दिसते का, आणि काढताना कुणाचा कंपनीचा पेंट निघालाय का?