चातुर्मासाचा नेम मोबाईलवरच्या गटात करावा की देवळातच? (चर्चा)

तापीकाठ:
राम राम मंडळी. आषाढी जवळ आली की नेम धरण्याची बोलणी सुरू होतात. आता त्यात नवा प्रश्न आलाय: रोज पहाटे मोबाईलवर एकत्र बसून ध्यान आणि नामजप करणाऱ्या गटात नाव द्यावं का?

माझं मत, जरूर द्यावं. खान्देशातली कितीतरी माणसं सुरतेला उधना-लिंबायत भागात लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, पोरं पुण्या-नाशकात असतात. तिथे देवळं आहेत, पण आपली बसायची मंडळी नाहीत. एकट्यानं धरलेला नेम पोळ्यापर्यंत ढिला पडतो. ठरल्या वेळी चार ओळखीची नावं पडद्यावर दिसली की माणूस अंथरूण सोडतो, एवढं साधं गणित आहे.

गट १२ ते १५ जणांचाच असावा. पहाटे सव्वापाचला सुरुवात. पाच मिनिटं नुसतं स्थिर बसायचं, वीस मिनिटं श्वासावर लक्ष किंवा मनातल्या मनात जप, शेवटी दहा मिनिटं हरिपाठातले दोन-तीन अभंग. पस्तीस मिनिटांत आवरायचं, कारण झूमची फुकट बैठक ४० मिनिटांनी बंद पडते. व्हिडिओ बंद ठेवला तर डेटा फारच थोडा लागतो, रोजच्या साध्या पॅकमध्ये सहज बसतो.

टाळमृदंग:
ठाम विरोध. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा आहे. चालीवर, टाळांसकट म्हटला तर पाऊण तास लागतो. त्यातले दोन-तीन अभंग उचलून दहा मिनिटांत उरकायचे, याला मी पाठ म्हणणार नाही.

मुळात फोनवर एकत्र गाता येतच नाही. एका फोनचा आवाज दुसऱ्यावर पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, खेड्यातल्या नेटवर त्याहून जास्त. गाणाऱ्यांमध्ये तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या वर फरक पडला की जो तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय ओढली जाते. तिसऱ्या चरणापर्यंत सगळे वेगवेगळ्या जागी. वर ॲपची गोंगाट काढायची सोय टाळांचा आवाजच कापून टाकते, मृदंग तर फटफट ऐकू येतो. देवळात दोन ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या की नवख्याचा पाय आपोआप पावलीत, म्हणजे भजनाच्या तालावरच्या पावलांत, पडतो. ते शिकणं अंगानं होतं.

बोरीकाठ:
टाळमृदंग भाऊ, तांत्रिक अडचण खरी आहे, पण तिच्यावर तोड आहे. माईक फक्त एकाचा चालू, बाकी सगळ्यांचे बंद. प्रत्येकानं आपल्या घरात मोठ्यानं म्हणायचं आणि ऐकायचा तेवढा पुढे म्हणणाऱ्याचा आवाज. मग उशिरानं कुणाचंच बिघडत नाही. पुढे म्हणणाऱ्यानं झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं, म्हणजे टाळ कापले जात नाहीत. फोन टाळांपासून चार-पाच फूट लांब ठेवावा, नाहीतर आवाज फाटतो. म्हणणारा रोज बदलावा, एकाच्याच गळ्यावर आणि एकाच्याच नेटवर गट टांगून ठेवू नये.

मी तर म्हणेन, गाणं देवळाकडेच राहू द्या आणि फोनवर फक्त मौन ठेवा. मौनाला लय जुळवावी लागत नाही.

केळीबाग:
सव्वापाच ही वेळ नोकरदारांनी ठरवलेली दिसते. रावेर-यावलच्या पट्ट्यात शेतीपंपाची वीज पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात माणूस पहाटेपर्यंत मोटारीपाशी असतो. तो सव्वापाचला डोळे मिटून बसला तर झोपेल. मान खाली जाते, हनुवटी छातीला लागते, आणि वीस मिनिटांनी उठल्यावर त्याला वाटतं, काय शांत लागलं! ही गुंगी आहे. रोज घोटली तर पुढे बसलं की झोप, अशी सवयच जडते. अशा आठवड्यात डोळे अर्धे उघडे ठेवून उभ्यानं किंवा सावकाश चालत जप करावा, किंवा सरळ झोपून घ्यावं आणि दुपारी बसावं.

शिवाय चातुर्मासाचा शेवट म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. दसऱ्यानंतर निम्मी नावं गळतात. मग गटात ‘आज कोण आलं नाही’ अशी यादी फिरते आणि राबणारा माणूस अपराध्यासारखा गट सोडतो. हजेरी घेणारा गट मला मान्य नाही.

तापीकाठ:
केळीबाग नाना, वेळा दोन ठेवता येतील, पहाटे एक आणि रात्री साडेनऊला एक. ज्याला जी जमेल ती. हजेरीबद्दल मात्र मी अडून बसेन. कुणी सलग तीन दिवस दिसला नाही तर एकानं त्याला वैयक्तिक फोन करावा, सगळ्या गटासमोर नाव काढू नये. विचारणाराच कुणी नसेल तर गटाचा उपयोग काय?

आणि लांबून साधना होत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याच तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव आठवा. त्यांनी कोरं पत्र धाडलं आणि ज्ञानदेवांचं उत्तर ६५ ओव्यांत आलं, तेही पत्रातूनच.

टाळमृदंग:
अर्धीच कथा सांगितलीत. त्या ६५ ओव्यांनी भागलं असतं तर चांगदेव उठून भेटीला गेले नसते. ते गेले, आणि पुढे मुक्ताईला गुरू केलं ते समोर बसून. पत्रानं ओढ लावली, काम भेटीनं झालं. कोथळी-मेहूणला ज्या मुक्ताईपुढे आपण डोकं ठेवतो, तिची पालखी आजही महिनाभराहून जास्त पायी चालून पंढरपूर गाठते. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था निघाली ती तर विचार करणाऱ्यांसाठी, तरी अभ्यासकांनी तिथे येऊन राहावं अशीच व्यवस्था होती.

अंगणातली तुळस:
भाऊ, समोर बसायला जागा कुणाला मिळते तेही बघा. पहाटे देवळात काकड्याला जाणं किती सुनांना जमतं? पाणी भरायचं, डबे करायचे. संध्याकाळी भजनी मंडळ असतं तेव्हा भाकरीची वेळ. कानात इअरफोन घालून घरातच वीस मिनिटं बसता आलं तर ती मोठी सोय आहे, तिला कमी लेखू नका.

माझा विरोध दुसऱ्या गोष्टीला आहे. बऱ्याच गटांत ध्यानानंतर ‘अनुभव सांगा’ असा कार्यक्रम असतो. तिथे बाई नवऱ्याचं दारूचं, सासरचं सांगून बसते. पलीकडे कोण ऐकतंय, कुणाचा फोन स्पीकरवर आहे, रेकॉर्ड कोण करतंय, काही कळत नाही. आपल्याकडे दोन गावं सोडून नातं निघतंच, आठवड्यात गोष्ट माहेरी पोचते. म्हणून अनुभव सांगायचाच तर साधनेपुरता: मन कुठे गेलं, पाय कधी दुखला, झोप आली का. घरचं काही नाही. आणि व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. सूचना द्यायला कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप वापरा, तिथे इतर सदस्यांना नंबर दिसत नाहीत.

साक्षीभाव:
ताईंच्या मुद्द्याला जोडून एक, आणि हा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. श्वासाकडे वीस मिनिटं बघणं बहुतेकांना निर्धोक आहे. पण उत्साही संचालक आठवडाभरात तासभर बसवतात, मग श्वास कोंडून धरायला लावतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी कुंभक करू नये, हे समोरचा शिक्षक विचारून घेतो. फोनवर कोण विचारणार? इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांची माहिती मागतात, ती उगाच नाही. पूर्वी भ्रम किंवा तीव्र नैराश्य झालेल्या माणसाला लांब मौनानं त्रास वाढू शकतो.

कुणी सांगू लागलं की दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, आवाज येतात, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं, तर त्याला ‘प्रगती होतेय’ म्हणू नका. ध्यान त्याच दिवशी थांबवा, घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. हा क्रमांक गटाच्या माहितीत लिहून ठेवावा. आणि औषध बंद करायला सांगणारा संचालक असेल तर त्या गटातून लगेच बाहेर पडा.

बोरीकाठ:
साक्षीभाव, पूर्ण सहमत. म्हणून नवख्यानं बैठक आधी कुणा जाणत्यासमोर शिकून घ्यावी: बूड कापडाच्या चार बोटं उंच घडीवर, गुडघे जमिनीला टेकलेले, नाही टेकले तर खुर्ची. पहिले पंधरा दिवस दहाच मिनिटं. मग गट.

पैशाचंही बोलून टाकतो. लिंक फुकटच ठेवता येते, त्यामुळे वर्गणीची गरजच पडत नाही. कुणी वैयक्तिक खात्याचा क्यूआर टाकून ‘सेवा’ मागत असेल तर संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. टाळाटाळ झाली की नमस्कार करून निघा.

टाळमृदंग:
शिकायला जाणत्यासमोर, गायला देऊळ, त्रास झाला तर डॉक्टर. मग फोनकडे उरलं काय? गजर लावायचं काम! मी एवढंच मानेन की सुरतेच्या पाळीवाल्याला दुसरा मार्ग नाही. गावात राहून, देऊळ शंभर पावलांवर असताना फोन लावून बसणाऱ्यांमुळे काकड्याला चारच म्हातारे उरतात, ते नुकसान तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

तापीकाठ:
ते नुकसान मी मोजतो. म्हणून एकादशीला आणि गुरुवारी गट बंद ठेवायचा, गावातल्यांनी देवळात जायचं, असं ठरवू. सुरतवाल्यांची बैठक मात्र त्या दिवशीही चालेल, रात्रपाळी सुटल्यावर सकाळी साडेआठला. त्या बैठकीत माईक कोण धरणार, त्यांनी नाव कळवावं. मौनाची घंटा वाजवण्यापुरतंच काम आहे.

केळीबाग:
दुपारी अडीचचीही एक ठेवा. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात आम्ही तेव्हाच जागे असतो.