मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात कापडी डायपरचा अमोनियाचा वास जात नाही

बाळ ८ महिन्यांचं. २० पॉकेट डायपर (बाहेरून वॉटरप्रूफ कव्हर, आत खिसा), प्रत्येकाच्या खिशात एक मायक्रोफायबर आणि एक बांबूचं इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारा पॅड. पाणी बोअरचं, चांगलंच जड. साबण फेस धरत नाही, बादलीला पांढरा थर चढतो.

धुणं दिवसाआड. आधी गार पाण्यात खळबळून घेणं, मग इन्सर्ट ६० अंशांवर, कव्हरं ४० वर, कारण फार गरम पाण्यात त्यांचा वॉटरप्रूफ थर सुटायला लागतो. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नाही. त्याचा थर बसला की कापड शोषत नाही.

सुकलेल्या इन्सर्टला वास नसतो, पण शू झाली की लगेच डोळ्यांत जाणारा अमोनिया. पावडर कमी करून पाहिली, वास वाढला. म्हणजे क्षारच पावडर खाऊन टाकतायत आणि धाग्यांत जुनी लघवी उरतेय.

धुण्याच्या सोड्याने पाणी मऊ होतं, पण चुन्याचा बारीक साका कापडावरच बसतो. सोडियम सायट्रेटने तो बसत नाही म्हणे. ७ किलोच्या फ्रंट लोड मशीनला ते किती घालता, प्रत्येक धुण्याला की फक्त मुख्य धुण्याला?

आणि पावसाळ्यासाठी: बांबू सुकायला दोन दिवस घेतो. त्याऐवजी जुन्या सुती धोतराचे चौकोनी लंगोट घडी करून पॉकेटमध्ये घालणारं कुणी आहे का? रात्रीसाठी किती पदर पुरतात? उत्तरात पाणी बोअरचं की नळाचं, तेवढं नक्की लिहा.