पुनर्वसित गावाच्या मधल्या मैदानाचं काय करावं?

तेरणाकाठ
नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात राहतो, शेजारच्या गावात शाळेवर शिक्षक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांचा होतो.

जुन्या गावात आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताचं, घर होतं. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, आजोबा बसायचे, आत चौक, भिंतीत धान्याचं बळद. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं अशी बोळ. पण उन्हाळ्यात शाळेतून येताना कुठल्या ना कुठल्या भिंतीची सावली धरून घरी पोचता यायचं. आजीनं दारातून हाक मारली की मारुतीच्या पारावर खेळणाऱ्या मला ऐकू यायची.

नवीन गाव काटकोनात आखलेलं आहे. रस्ते रुंद, घरं ज्याच्या त्याच्या शेतीच्या हिशेबानं २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची. आम्हाला ४०० चं मिळालं. घराबद्दल माझी तक्रार नाही. आई अजूनही कुणाकडं पाहुणी गेली तर माळवदाखाली झोपत नाही, अंगणात खाट टाकून घ्यायला लावते. ज्यांनी आम्हाला पक्कं छप्पर दिलं त्यांचे उपकार आहेतच.

प्रश्न मधल्या मैदानाचा आहे. नकाशावर ते गावाचं केंद्र. पोळा आणि निवडणुकीची सभा सोडली तर तिथं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. आता ग्रामपंचायतीकडं थोडा निधी आलाय. पत्र्याचा सभामंडप आणि सगळीकडं पेव्हर ब्लॉक, असा ठराव येतोय. सरपंच म्हणाले, सर, तुम्ही वाचता, काही वेगळं असेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडा.

म्हणून वाचत बसलोय. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएनं चंडीगडचा सेक्टर, म्हणजे वस्तीचा एक चौकोन, ८०० बाय १२०० मीटरचा धरला, शाळा आणि बाजार पायी गाठता यावा म्हणून. स्पेनमधलं बार्सिलोना शहर वाढवायचं होतं तेव्हा नगररचनाकार सेर्दानं १८५९ मध्ये चौकोनी ठोकळे आखले आणि प्रत्येकाच्या पोटात बाग ठेवली. पुढं त्या बागांवर बहुतेक ठिकाणी बांधकामं झाली. ही माणसं फार लांबचं बघणारी होती, यात शंका नाही. मला एवढंच विचारायचंय की आखून दिलेलं केंद्र लोकांना आपलं वाटावं, यासाठी त्यांच्यापैकी कुणी काही करून ठेवलंय का, जे आमच्यासारख्या गावाला परवडेल?

दोन खण
सर, मी संभाजीनगरला आर्किटेक्ट आहे. माझं माहेर उमरग्याकडचं, त्यामुळं तुमचं गाव डोळ्यांपुढं आलं.

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची इंदूरची 'अरण्य' ही वसाहत बघा. १९८० च्या दशकातलं काम, साधारण साडेसहा हजार भूखंड, बहुतेक गरीब कुटुंबांसाठी. त्यांनी नमुन्याची ८० घरं बांधून दाखवली. बाकीच्यांना जोतं, संडास-न्हाणी आणि ऐपतीप्रमाणं एखादी खोली दिली. पुढचं घर ज्यानं त्यानं पैसा आला तसं वाढवलं. कुणी ओटा काढला, कुणी बाहेरून जिना घेतला. मी विद्यार्थिनी असताना तिथं गेले होते तेव्हा एका बाईंनी ओट्यावर बसवून चहा दिला आणि कुठली भिंत कुठल्या लेकीच्या लग्नाआधी घातली ते बोट ठेवून सांगितलं. नकाशात जागा सोडल्याशिवाय असं सांगता येत नाही. चिलीत आर्किटेक्ट आलेहांद्रो अरावेना यांनीही इकिके शहरात तेच केलं. सरकारच्या पैशात अख्खं चांगलं घर बसत नव्हतं, म्हणून चांगल्या घराचा अवघड अर्धा भाग बांधून दिला.

तुमच्या मैदानालाही हेच लावा. सगळा निधी एका झटक्यात ओतू नका. आधी आठवडाभर गावकरी कुठं बसतात ते मोजा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. कोपनहेगनमध्ये आर्किटेक्ट यान गेल यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, चालणारे किती, बसणारे किती. तुमच्याकडं शाळेची पोरं आहेत, वही घेऊन पाठवा.

पेव्हर ब्लॉकला मात्र ठाम विरोध करा. ज्या जिल्ह्यात २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाऊस मुरायची जमीन झाकायची? नांदेडच्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली. मैदानाचा उतार एका कोपऱ्याला काढून तिथं मोठा शोषखड्डा करा.

गोलाईवाला
लातूरकर म्हणून माझं मत वेगळं. आमची गंजगोलाई, म्हणजे शहरातला गोल बाजारचौक, १९१७ ची. मधे गोल दुमजली इमारत, आत अंबाबाई, आणि १६ रस्ते येऊन मिळतात. तिथं पाय ठेवायला जागा नसते, कारण भोवताली बाजार आहे. मोकळ्या मैदानात कुणी कशाला येईल? कडेला चार गाळे काढा, एक चहाचं, एक केश कर्तनालय. माणसं आपोआप येतील. नुसत्या झाडांनी गाव जमत नसतं.

जुना मिस्तरी
गुरुजी, भूकंपानंतर नवी गावं बांधली त्या टायमाला मी बिगारी म्हणून लागलो अन् तिथंच मिस्तरी झालो. तुमच्या बाजूची बरीच गावं माझ्या हाताखालून गेलीत.

सभामंडप करायचा तर करा, पण पाया अन् भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा नीट घेऊन. भूकंपात काय झालं ते लोक विसरत चाललेत. भिंतीला आतून एक दगड, बाहेरून एक दगड, मधी नुसता भरणा. दोन्हीला बांधणारा आरपार दगडच नाही. वरून माळवदाच्या मातीचं वझं. भिंत फुगली अन् आख्खं आत आलं. ज्यांच्या छताचे खण लाकडी खांबावर उभे होते, त्यांची भिंत पडली तरी छत बऱ्याच जागी टिकलं. तेव्हा आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधी होता, नंतर तिसऱ्या झोनमधी घेतला. लोक ४०० फुटाच्या घरावर न इचारता दुसरा मजला चढवायलेत, ते बघून झोप लागत नाही. ग्रामसभेत ह्यो बी इषय काढा.

आन एक. जुन्या गावठाणात अजून दगड पडलेत का? त्याचाच पार बांधा.

तेरणाकाठ
मामा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. दगड आहेत, बाभळी वाढल्यात त्यावर. घरी विषय काढला. आई म्हणाली, ज्या दगडाखाली तुझी बहीण गेली त्यावर मी बसायचं? मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, मारुतीच्या पाराचे दगड तेवढे आणा, ते कुणाच्या अंगावर पडले नाहीत. तेवढेच आणायचं ठरवतोय.

मॅडम, पाच दिवस सातवीच्या पोरांनी मोजलं. मैदानात दुपारी शून्य. सगळ्यात जास्त माणसं पिठाच्या गिरणीच्या पूर्वेकडच्या भिंतीला, साडेचारनंतर, एका दिवशी तर १९ बाया. सावली तिथं पडते आणि दळण होईपर्यंत थांबावंच लागतं. ती गिरणी मैदानाच्या कडेलाच आहे, आणि मी तीस वर्षं मैदानाकडंच बघत होतो.

गोलाईवाले दादा, म्हणून तुमचं अर्धं पटलं. गाळे नकोत, त्याचे लिलाव आणि भांडणं मला माहीत आहेत. पण पार गिरणीच्या बाजूलाच घेतो, मध्यभागी नाही. मधे पोरांना खेळायला मोकळं.

दोन खण
मग अॅमस्टरडॅमही वाचा. महायुद्धानंतर, १९४७ पासून आल्डो व्हान आइक या आर्किटेक्टनं तिथल्या रिकाम्या, पडीक जागांवर खेळायच्या जागा आखल्या, सातशेच्या वर. वाळूचा हौद, लोंबकळायला नळ्यांच्या कमानी, बसायला कडा, बास. लोक पत्र लिहून आमच्या गल्लीत करा म्हणून मागायचे. तुमच्या निधीत वाळूचा हौद नक्की बसेल.

तेरणाकाठ
वाळूचा हौद यादीत घेतला. मामा, शेवटचं विचारतो. गिरणीजवळ कडुनिंब आहे, त्याच्याभोवती पार घ्यायचा तर उंची किती?

जुना मिस्तरी
दीड फूट. जास्त केला तर म्हातारीला चढवत नाही, कमी केला तर उठवत नाही. बुंध्यापासून चार फूट माती मोकळी सोडा, सिमेंट खोडाला भिडवू नका. सावलीच्या अंगाला कड रुंद घ्या, दळणाचा डबा शेजारी मावला पाहिजे.