गावठी कट्टा कुठून आला ते विचारता, काडतूस कुठून आलं ते कोण विचारणार?

कोपरीकर
कळवा-मुंब्र्यापासून कोपरखैरण्यापर्यंत बातमीचा साचा एकच: सापळा रचला, एकाला गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसांसह पकडलं. हत्यार मध्य प्रदेशातून आणल्याची कबुली छापून येते आणि विषय संपतो.

शिक्षा वाढवा, असं लगेच कोणीतरी म्हणतं. ती शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत वाढवलीच आहे. विनापरवाना बंदूक बाळगली तर पूर्वी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच. बनवली किंवा विकली तर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. तरी घोडा, म्हणजे कट्टा, मिळतोच.

माझं म्हणणं वेगळं आहे. कट्टा भट्टीवर बनतो, त्याला नंबर नाही, नोंद नाही. काडतूस मात्र भट्टीवर बनत नाही. पितळी पुंगळी, तिच्या बुडातली पिन आदळल्यावर पेटणारी कॅप, दारू हे सगळं कारखान्यातलं. पंचनाम्यात कितीदा तरी काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असल्याचं लिहिलेलं असतं. ती खडकीच्या सरकारी कारखान्याची खूण. म्हणजे ते काडतूस कधीतरी कोणत्या तरी रजिस्टरवर चढलं होतं आणि परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा परवानाधारकाकडून बाहेर फुटलं. प्रत्येक काडतुसावर बॅच नंबर टाका, विक्रेत्यांचा साठा ऑनलाइन करा आणि कट्ट्याच्या प्रत्येक गुन्ह्यात काडतुसाचा माग काढणं सक्तीचं करा.

घणसोली_सेक्टर९
अर्धंच बोललात. आता थ्रीडी प्रिंटर आलेत. प्रिंटर आणि लेथ, दोन्हींची नोंदणी हवी. अमेरिकेत घरी जुळवायच्या बंदुकांच्या किटवर सीरियल नंबर लागेल असा नियम 2022 मध्ये झाला आणि मार्च 2025 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. आपण मागे का?

वागळे_लेथ
@घणसोली_सेक्टर९ साफ विरोध. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. पाईप कापणं, बोअर मारणं, आटे पाडणं हे रोजचं काम. जॉब देणारा ड्रॉइंग देतो, तो भाग पुढे कशात बसणार ते सांगत नाही. उद्या प्रत्येक लेथसाठी परवाना काढायचा म्हटलं, तर गाळ्यावर आणखी एक इन्स्पेक्टर येईल. कट्टेवाल्याला काही फरक पडणार नाही, तो हातभात्यावर आणि कानसीवर काम करतो.

अमेरिकेचा दाखला इथे लागू होत नाही. तिथे बंदूक विकत घेणं कायदेशीर आहे, म्हणून नंबर नसलेली वेगळी काढावी लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय सगळीच बेकायदा. नंबर घालायचा तो कशावर?

घणसोली_सेक्टर९
मग जपान घ्या. 8 जुलै 2022 ला नारा शहरात शिंझो आबेंना मारलं ते घरी बनवलेल्या बंदुकीने. धातूचे पाईप, चिकटपट्टी, बॅटरी. दारूसुद्धा त्या माणसाने स्वतः बनवली होती. कोपरीकर, तुमचा काडतुसांचा नियम तिथे काय करणार होता?

कोपरीकर
काहीच नाही, मान्य. घरात एकटा बसून महिनोन्महिने तयारी करणाऱ्याला हा नियम अडवणार नाही. पण ठाण्यात जे चाललंय तो धंदा आहे. बनवणारा, आणणारा, विकणारा, सगळे वेगळे. धंद्याला माल सतत लागतो. काडतूस मिळेनासं झालं तर कट्टा नुसती नळी आहे.

चोपडेकर
मी चोपडा तालुक्यातला, हल्ली ऐरोलीला असतो. आमच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या तोडल्या. कारवाई हवीच होती. पण भट्टी म्हणजे माती, भाता आणि कोळसा, ती पुन्हा उभी करायला किती वेळ लागतो? तिथे कट्टे बनवणाऱ्या शिकलगार समाजाचा हात धातूकामात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. सगळा समाज गुन्हेगार ठरवून मोकळं होऊ नका. वागळेदादांसारख्यांच्या गाळ्यात त्यांच्या पोरांना काम मिळालं असतं तर अर्धा प्रश्न सुटला असता. इथे त्यावर कोणीच बोलत नाही.

वागळे_लेथ
@चोपडेकर पाठवा. आयटीआय नसला तरी चालेल, हात चालला पाहिजे.

ठाणे_कोर्ट_वकील
कोपरीकरांचा रोख पटतो, उपाय पटत नाही. नवा नियम कशाला? विनापरवाना काडतूस बाळगणं आजही गुन्हाच आहे. खटले पडतात ते दुसऱ्याच कारणांनी. पंच फितूर होतात. शस्त्र कायद्याच्या कलम 39 ची, म्हणजे खटला भरण्याआधी लागणारी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी यांत्रिकपणे दिल्याचा मुद्दा आम्हीच बचावात घेतो. कट्ट्याची नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे गोळीवर आट्यांच्या खुणा उमटत नाहीत आणि गोळी त्याच हत्यारातली हे सिद्ध करणं अवघड जातं. कॅपवर पिनचा ठसा उमटतो, पण पुंगळी कट्ट्यातच राहते. आरोपी ती सोबत घेऊन जातो.

आणि परवाना म्हणजे सुरक्षितता, हा समज सोडा. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात ज्या गोळीबाराचा गुन्हा आमदारावर दाखल झाला, त्यातलं पिस्तूल परवान्याचं होतं.

कोपरीकर
वकीलसाहेब, म्हणूनच तर परवानाधारकांच्या काडतुसांचा हिशोब मागतोय. बाळगणं गुन्हा आहे, पण ते कोणाच्या कोट्यातून आलं ते शोधण्याची सक्ती कुठे आहे? बॅच नंबर नसेल तर शोधायचं तरी कसं?

ठाणे_कोर्ट_वकील
शोध तपास अधिकारी घेतो, नंबर नाही. त्याच्याकडे बंदोबस्तही असतो आणि डोक्यावर बाकीचे गुन्हेही. आधी माणसं द्या.