६४ माणसं, पण कुठली?
‘६४ लोकांची काउंटी (अमेरिकेतला जिल्ह्यासारखा भाग) म्हणजे नुसतं ओसाड रान’ असं कुणी म्हणतं, ते अर्धंच पटलं. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ जण निघाले हे खरं. जमीन सुमारे १,७३० चौ. किमी, म्हणजे डोई २७ चौ. किमी! पण तिथली जनगणना माणसाला तो वर्षातला बहुतेक काळ जिथे राहतो-झोपतो तिथे धरते. तेलविहिरींवर पाळीने येणारे कामगार कॅम्पात दिसतात, मोजले जातात आपापल्या गावी.

आणि २०१० चे ८२ वजा ६४ करून ‘लोकसंख्या घटली’ असं छातीठोक सांगू नका. २०२० ला गोपनीयतेसाठी राज्याच्या खालच्या पातळीवरच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केलाय. मोठ्या काउंटीत तो पचून जातो, इथे दोन-चार माणसांनीही टक्केवारी हलते.